शॉर्ट शोधायचे पैसे घ्या, पार्ट बदलायचे नव्हे



"एवढंच होतं?"

सर्व्हिसच्या धंद्यात उतरलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न आज ना उद्या ऐकावा लागतो. तुम्ही चार तास घाम गाळता, बिघाड निघतो चिमूटभर, आणि गिऱ्हाईक खिशात घातलेला हात बाहेर न काढता विचारतं, एवढंच होतं? मग एवढे पैसे कशाचे?

मागच्या व्हिडिओत मी मॉडेल रेल्वेच्या डिजिटल लेआउटवरचा शॉर्ट कसा शोधायचा ते दाखवलं. टेबलावर धावणारी छोटी आगगाडी, तीच ती. बऱ्याच जणांना वाटलं असेल, सर आता खेळण्यांकडे कुठे वळले? पण त्या व्हिडिओमागे एक गोष्ट होती आणि ती कॅमेऱ्यासमोर सांगायची राहून गेली. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून ती लिहूनच टाकतो.

आधी या क्षेत्राबद्दल थोडं. मॉडेल रेल्वे म्हणजे फक्त लहान मुलांचं खूळ नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिकीट काढून लोक बसतात, दिवे मंद होतात आणि समोर अख्खं शहर आणि त्यातल्या गाड्या चालू लागतात. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांमध्येही मॉडेल रूम असतात. स्टेशन मास्तर, गार्ड तिथे छोट्या रुळांवर गाड्या घेणं-सोडणं शिकतात. शिवाय हौशी लोक आहेत. मुलगा जर्मनीला किंवा अमेरिकेला, तो येताना वडिलांसाठी इंजिनं घेऊन येतो. आपल्या संभाजीनगरात अशी गिऱ्हाईकं किती? थोडी. नुसत्या यावर घर चालेल असं मी कोणालाही सांगणार नाही. पण ज्याला पॅनल वायरिंग येतं, त्याच्यासाठी हे चांगलं जोडकाम आहे. आणि शोधण्याचं कसब शिकायला याच्याइतकी स्वस्त शाळा नाही, कारण इथे चूक झाली तर कारखान्याची लाइन बंद पडत नाही, आगगाडी थांबते.

आता डिजिटल म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जुन्या पद्धतीत रुळांना साधा डीसी द्यायचा, जास्तीत जास्त 12 व्होल्ट. व्होल्टेज वाढवलं की गाडी जोरात, दिशा उलटी केली की गाडी मागे. डिजिटल पद्धतीत, तिला डीसीसी म्हणतात, रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं. एचओ म्हणजे 1:87 मापाच्या गाड्यांसाठी साधारण 14-15 व्होल्ट. हा करंट सतत उलटसुलट होत असतो आणि त्या उलटसुलट होण्यातच निरोप दडलेला असतो. अर्धी लाट 58 मायक्रोसेकंदांची असली तर तो '1', शंभर किंवा त्याहून लांब असली तर '0'. प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाची चिप, तिचा एक नंबर. "तीन नंबर, पुढे चल" हा निरोप सगळ्यांच्या कानावर जातो, पण हलतं फक्त तीन नंबरचं इंजिन. वीजही त्याच दोन रुळांतून आणि हुकूमही त्याच दोन रुळांतून.

सोय मोठी आहे, पण तिची किंमत आहे. एका जागी शॉर्ट झाला की त्या बूस्टरवरच्या सगळ्याच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. कुठे झाला, कोणी केला, काही कळत नाही. सगळेच आरोपी.

तर गोष्ट अशी. माझ्या एका बॅचमधला मुलगा. सहा वर्षं वाळूजला पॅनल वायरिंग केलेलं, हात एकदम साफ. नोकरी सोडून स्वतःचं सर्व्हिसचं काम सुरू केलेलं. पैठण रोडच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांनी, आपण त्यांना काका म्हणू, पत्र्याच्या शेडमध्ये मोठा लेआउट मांडला होता. लाकडी चौकट, वर प्लाय, एकेरी मार्ग, आणि एका टोकाला गाडी वळून परत यावी म्हणून लूप. काम या मुलाला मी मिळवून दिलं होतं.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"सर, गाडी लूपमधून बाहेर पडताना ट्रिप मारतंय."

"रोज?"

"नाही सर, कधी कधी."

इथे मी थांबायला हवं होतं. 'कधी कधी' हा आपल्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे. तो ऐकला की पुढचा प्रश्न एकच असतो: कधी? किती वाजता, कोणती गाडी, कोणत्या जागी, त्याआधी काय केलं होतं? मी यातलं काहीच विचारलं नाही. घाईत होतो. म्हणालो, "इंजिन काढल्यावर ठीक होतं ना? मग डिकोडर गेला असेल, बदलून बघ."

त्याने बदलला. साडेतीन हजारांचा. सकाळी नऊ वाजता जाऊन बसवला, तासभर गाडी चालवली, एकदाही ट्रिप नाही. काका खूश. दुपारी काकांचा फोन, परत बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, काहीच नाही, मस्त चालू. मग दुसरं इंजिन लावलं, तेही दुपारी बंद. मग बूस्टरवर संशय. तो बदलायला निघाले, म्हणजे वीस-पंचवीस हजारांचा चुराडा. तेव्हा मात्र मी म्हटलं, थांब, मी येतो.

मी गेलो तेही सकाळीच, आणि अर्थातच काही सापडलं नाही. चहा घेताना काका सहज बोलून गेले, "साहेब, तुम्ही लोक येता तेव्हा हिची तब्येत बरी असते. माझी झोप झाली की ही बिघडते." दुपारी जेवून ते झोपत, तीनला उठून शेडमध्ये येत. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. एप्रिल महिना, मराठवाडा, पत्र्याचं शेड, दुपारी तीन.

लूपची भानगड आधी सांगतो. एक दोरी घ्या, तिचा विळखा करून टोक परत त्याच दोरीला लावा. आता तिच्या जागी रूळ आहेत असं समजा. गेलेला उजवा रूळ वळून आला की डाव्याला भेटतो. दोन्ही रुळांवर उलट करंट, म्हणजे भेटताक्षणी शॉर्ट. म्हणून लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून फट ठेवतात आणि लूपला ऑटो रिव्हर्सर नावाचं छोटं सर्किट लावतात. चाक फटीवर आलं आणि दोन्हीकडचा करंट जुळला नाही, तर हे सर्किट डोळ्याचं पातं लवायच्या आत लूपचा करंट उलटा करतं. गाडी पुढे निघून जाते, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

या लेआउटवर रूळ बारीक करवतीने कापले होते आणि फटीत काहीच भरलेलं नव्हतं. नुसती हवा. रूळ निकेल सिल्व्हरचे, त्यांचे तुकडे एकमेकांना सोल्डर केलेले, म्हणजे सलग दोन-दोन मीटरच्या लांब पट्ट्या. अशी पट्टी 20 अंशांनी तापली तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढते. त्यात उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं. सकाळची अर्ध्या मिलिमीटरची फट दुपारी मिटून जात होती. एकच फट, एकाच रुळावरची, आत जायच्या टोकाची.

आता मजा बघा. फट मिटली तरी लगेच शॉर्ट दिसत नव्हता, कारण त्या वेळी दोन्हीकडचा करंट जुळलेला असायचा. गाडी आत गेली, वळली, बाहेरच्या टोकाला आली. चाक तिथल्या फटीवर आलं, करंट जुळेना, सर्किटने लूप उलटा केला, आणि नेमका तेव्हा मागची मिटलेली फट शॉर्ट झाली. परत उलटा केला, तर पुढे शॉर्ट. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी बूस्टरने हात वर केले. गाडी उचलून घेतली की सगळं ठीक, म्हणून गाडीवर आळ. बिचाऱ्या डिकोडरचा काही दोष नव्हता.

आम्ही तीन वाजेपर्यंत बसून राहिलो. पावणेतीनला ट्रिप झालं. बूस्टर बंद केला, सगळ्या गाड्या उचलल्या, लूपच्या आणि मुख्य मार्गाच्या तारा सोडवल्या, आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून चारही फटींच्या आरपार लावला. तीन गप्प, चौथीवर बझर वाजला. हॅकसॉचं पातं घेऊन फट परत कापली, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा त्यात बसवला, फेविक्विकचा थेंब टाकला, वर आलेलं प्लॅस्टिक कानशीने रुळाच्या मापात घासलं. बाकीच्या तीन फटींनाही तेच केलं. वीस मिनिटं.

आणि काका म्हणाले, "एवढंच होतं?"

त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. पण हिशेब बघा. मुलाच्या पाच फेऱ्या, माझी एक, जवळपास तीन दिवस मोडलेले. डिकोडरचे साडेतीन हजार काका द्यायला तयार नव्हते, आणि का द्यावेत? जुना चांगलाच होता. मजुरी? "प्लॅस्टिकचा तुकडा तर लावला." हजार रुपये दिले, तेही वर चहा-पोहे खाऊ घालून, अगदी प्रेमाने. मुलगा घरी जाताना एक शब्द बोलला नाही. पुढचे दोन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. नोकरी परत धरायचा विचार करत होता, हे मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं.

मंडळी, इथे काकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. आम्ही त्यांना विकलं काय? पार्ट विकला. आम्ही पहिल्या दिवसापासून "हे बदलून बघू, ते बदलून बघू" याच भाषेत बोललो. मग त्यांनी पार्टच्याच भावात मोजलं. शोधणं ही वस्तू आम्ही त्यांच्यासमोर कधी मांडलीच नव्हती, तर ते तिचे पैसे कुठून देतील?

"आपल्याकडे नुसतं शोधायचे पैसे कोणी देत नाही सर," हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. हे खरं नाही. आपल्या मराठवाड्यात बोअर घ्यायच्या आधी लोक पाणाड्याला बोलावतात. तो हातात नारळ धरून नाही तर काटकी धरून शेतात फिरतो, एका जागी थांबतो, "इथे" म्हणतो. त्याचे पैसे रोख, आधी, आणि पाणी लागो न लागो, परत मागत नाहीत. माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नाही. पण त्याच्या बिलिंगकडून शिकण्यासारखं आहे. गॅरेजवाल्यांचंही बघा, गाडीला स्कॅनर लावायचे वेगळे पैसे आता सगळे घेतात आणि लोक देतात. म्हणजे शोधायचे पैसे देण्याची सवय आहे. आपण मागत नाही, ही अडचण.

मागायचे तर शोधणं दिसलं पाहिजे. काय करतोय ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. अंदाजाने स्क्रू ड्रायव्हर फिरवणाऱ्या माणसाला कोणी शोधायचे पैसे देणार नाही आणि देऊही नयेत.

म्हणून आता पद्धतीवर येतो. व्हिडिओत ती मी भराभर सांगितली होती.

सगळ्यात आधी बूस्टरच्या आउटपुटच्या तारा काढा आणि नुसता बूस्टर चालू करा. तरीही ट्रिप दाखवत असेल तर रुळांना हात लावायची गरजच नाही. बूस्टर ठीक असेल तर तारा परत जोडा, पण रुळांवरच्या गाड्या, डबे, सगळं उचला. डबेसुद्धा, हे लोक विसरतात. धातूच्या चाकांच्या जोडीत एक चाक आसापासून इन्सुलेट केलेलं असतं, ते इन्सुलेशन सरकलं तर साधा मालडबाही शॉर्ट करतो. उचलल्यावर शॉर्ट गेला तर एकेक परत ठेवत जायचं.

रिकाम्या रुळांवरही शॉर्ट असेल तर अर्धं-अर्धं करा. नवीन मुलं इथेच चुकतात. ती एका टोकाला सुरुवात करतात आणि एकेक जोड तपासत जातात. आठ सेक्शन असतील तर मधोमध तोडा. शॉर्ट डावीकडच्या चारांत की उजवीकडच्या? मग त्या चारांतल्या दोनांत, मग दोनांतल्या एकात. तीन चाचण्यांत सेक्शन हातात. पण यासाठी लेआउट सेक्शनमध्ये कापलेला असावा लागतो. सगळे रूळ एकाच तारेवर टांगलेले असतील तर तोडणार काय? म्हणून नवीन लेआउटचं काम मिळालं तर सेक्शनशिवाय वायरिंग करायला साफ नकार द्या. गिऱ्हाईक म्हणेल, तारा जास्त लागतात. लागू द्या.

सेक्शन सापडला की त्यात संशयित ठरलेले असतात. पॉइंट, म्हणजे जिथे एका मार्गाचे दोन होतात ती जागा, पहिला संशयित. तिच्या मधल्या बेचक्याला करंट दिलेला असेल आणि गाडी चुकीच्या बाजूने आली तर चाक दोन उलट रुळांना जोडतं. त्यानंतर सोल्डरचा थेंब, खिळा, विसरलेला पाना. आणि तारेची घासणी! भांडी घासायची. रूळ काळे पडले की आपले लोक हीच घेऊन बसतात. तिचे केसासारखे तुकडे मोटरच्या चुंबकाला आणि पॉइंटच्या बेचक्यात जाऊन चिकटतात आणि महिनोन् महिने त्रास देतात. रूळ पुसायला सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस.

मल्टिमीटर वापरताना एक लक्षात ठेवा. रुळांवर इंजिनं, दिव्यांचे डबे, ऑटो रिव्हर्सर जोडलेले असताना कंटिन्युइटी बघितली तर मीटर खोटं बोलतो, कारण करंटला त्यांच्यातूनही वाट मिळते. आधी वीज बंद, मग हे सगळं वेगळं, मग मीटर.

आणि आपल्या इलेक्ट्रिशियनचा लाडका सिरीज बोर्ड इथेही चालतो. फक्त घरचा 230 व्होल्टचा बल्ब नको! मोटारीच्या ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब घ्या, स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो एका सेक्शनच्या तारेत सिरीजमध्ये टाका. सेक्शन ठीक असेल तेव्हा बल्ब थंड, गाडी चालू. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो आणि करंट दोनेक अँपिअरवर अडवून धरतो, त्यामुळे बूस्टर ट्रिप होत नाही आणि बाकीच्या गाड्या चालत राहतात. कुठल्या सेक्शनमध्ये गडबड आहे हे काकांनाही खुर्चीत बसून दिसतं. फक्त तो तापतो, म्हणून प्लॅस्टिक आणि पुठ्ठ्यापासून लांब ठेवा.

आता एका गोष्टीवर मला राग येतो ते सांगतो. ट्रिप होतंय म्हणून बूस्टरची मर्यादा वाढवणारे लोक. तीन अँपिअरला पडतोय? पाचवर करा. पाचला पडतोय? आठचा आणा. आपल्या घराघरांत किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारे हेच ते महाभाग. अरे, 15 व्होल्ट गुणिले पाच अँपिअर म्हणजे 75 वॅट. आपली साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. तीन आयर्नची उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर, एका चाकात! चाकालगतचं प्लॅस्टिक वितळतं, करंट उचलणारी पत्ती जळते, नशीब फिरलं तर लाकूड धुमसतं. ट्रिप हा बिघाड नाही. ट्रिप होत नसेल तर ती काळजीची गोष्ट आहे.

तेच तपासायला नाण्याची चाचणी. बूस्टरपासून सगळ्यात लांबच्या जागी रुळांवर आडवं नाणं ठेवायचं. एचओच्या दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर, नाणं आरामात पुरतं. ठेवल्याबरोबर ट्रिप झालं पाहिजे, उचलल्याबरोबर परत चालू. झालं नाही तर समजा की तार बारीक आहे किंवा जोड सैल आहेत. 0.2 स्क्वेअर एमएमची तार दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन पावणेदोन ओहमच्या आसपास जातात. त्यात रुळांचे सैल जोड मिळवले की शॉर्टमध्येही पाच अँपिअर वाहत नाहीत. बूस्टरला वाटतं गाड्याच चालू आहेत, आणि चाक तिकडे लाल होतं. घरातल्या लाइट पॉइंटची 1.5 स्क्वेअर एमएमची तार टाकली तर तोच आकडा पाव ओहमवर येतो. ही चाचणी प्रत्येक सेक्शनमध्ये, गिऱ्हाइकासमोर करा.

जाता जाता एक गंमत. खऱ्या रेल्वेत हाच शॉर्ट मुद्दाम वापरतात. 1872 साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेट करायचा, एकीकडून थोडा करंट द्यायचा, दुसरीकडे रिले. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ शॉर्ट करतात, रिले पडतो, सिग्नल लाल. काकांच्या शेडमध्ये जी फट मिटली तिचा मोठा भाऊ तिथेही आहे, इन्सुलेटेड जॉइंट. त्यावर लोखंडाचा कीस जमून तो शॉर्ट झाला तर काय? म्हणून शेजारच्या दोन सर्किटची पोलॅरिटी उलटी ठेवतात. जॉइंट शॉर्ट झाला तर रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडी खोळंबेल, प्रवासी शिव्या देतील, पण कोणी मरणार नाही. बिघाड झाला तर तो लपता कामा नये, हा विचार वायरिंग करतानाच केलेला आहे. काकांचा लेआउट मांडणाऱ्याने हवेची फट सोडताना तो केला नव्हता.

आता त्या मुलाचं. मी त्याच्या घरी गेलो. डिकोडरचे साडेतीन हजार मी दिले, कारण सल्ला माझा होता. त्याने घ्यायला आढेवेढे घेतले, बायकोने घेतले, बरं केलं. मग आम्ही दोघांनी बसून त्याचा कागद नव्याने लिहिला. आता तो कामाला हात लावायच्या आधी सांगतो: तपासणीचे बाराशे, त्यात दोन तास आणि लेखी निष्कर्ष. दुरुस्ती वेगळी, तिचा आकडा निष्कर्षानंतर. पार्ट लागलाच तर बिलासकट, आणि तो पार्ट खराब असल्याचं दाखवल्याशिवाय बदलणार नाही. बिघाड 'कधी कधी'चा असेल तर आठवडाभर गिऱ्हाइकाने वेळा लिहून ठेवायच्या. त्यासाठी तो एक वही देऊन येतो, तपासणीचे पैसे वही भरल्यावर.

सगळेच ऐकत नाहीत. पहिल्या महिन्यात तीन जणांनी "मग राहू द्या" म्हटलं. त्यातला एक नंतर परत आला, दोन आले नाहीत. हे मी लपवणार नाही. 'निदान मोफत' अशी पाटी लावणारा शेजारी तुमचं गिऱ्हाईक नेणार. न्यू द्या त्याला. मोफत तपासणारा पैसे पार्टमधूनच काढणार, म्हणून त्याला पार्ट खराब सापडणारच. तुम्ही त्याच्याशी भावात लढायला गेलात तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही चांगले डिकोडर बदलत बसाल.

वह्यांमुळे मात्र काम बदललं. एका कारखान्याच्या पॅकिंग मशीनचा ट्रिप त्याने वहीवरूनच ओळखला: प्रत्येक नोंद शिफ्ट बदलताना, जमीन धुतल्यानंतरची. पाणी केबलच्या जोडात जात होतं. तिथे मॅनेजर "एवढंच होतं?" म्हणाला नाही, कारण पैसे आधीच ठरले होते.

काकांकडे तो अजून जातो. मागच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला, नवीन साइडिंग टाकलंय, ट्रिप होतंय. हा काही विचारायच्या आत काका म्हणाले, "लिहून घे. तीन दिवस झाले, तिन्ही दिवस रात्री आठनंतर, फक्त हिरव्या इंजिनाला. आणि बाराशे तयार ठेवलेत."